निमगडे साहेबांचा दिवा

निमगडे साहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. खुर्ची पास झाली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. "गुरुजी, हे कधी हलवून पाहिलं का?" मी 'नाही' म्हणेपर्यंत घड्याळ त्यांच्या हातात होतं. सासऱ्यांनी दिलेलं, आजवर बिनतक्रार चाललेलं ते घड्याळ तिथल्या तिथे बंद पडलं आणि साहेबांचा चेहरा उजळला. "पाहा, कच्चं होतं!"

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनीच ते दुरुस्त केलं, हेही सांगायला हवं.

आमच्या सावली गावात त्यांना 'विमानवाले भाऊ' म्हणत. नोकरीचा सगळा काळ बंगलोरला विमानांच्या कारखान्यात गेलेला. एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी निवृत्त होऊन ते गावी परतले. बायको तिकडेच वारली होती. सोबत एकुलती एक मुलगी, सुजाता. अर्ध्या गावाचा समज असा, की साहेब विमान चालवत.

"नाई रे बापा," ते सांगत, "विमानात रेडिओ असते, काटे असते, त्याच्या पेट्या मी तपासत होतो."

त्या पेट्या म्हणे थरथरणाऱ्या टेबलावर ठेवत, मग भट्टीत घालत, मग बर्फासारख्या थंडीत. एवढ्यातून जगेल तीच पेटी वर जाई. "वर गेल्यावर कोण दुरुस्त करून देईल? मोडायचं असंल तं खालीच मोड म्हणा!"

विमानाला हे ठीक होतं. साहेबांनी ते सावलीला लावलं. बाजारात माठ हलवत, दुसऱ्यांच्या सायकली हलवत. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवला, तोही पंगत बसलेली असताना. एका जागी बसणं म्हणून नव्हतं. चहा उभ्याने, वर्तमानपत्र अंगणात फेऱ्या मारत. माझ्याशी बोलतानाही हात आमच्या फाटकाच्या कडीशी खेळत असे. "या माणसाच्या पायाला भिंगरी आहे," असं माझी बायको म्हणायची.

सुजाताला बघायला मूल गावाहून एक मुलगा आला होता. बँकेत कारकून, गोरागोमटा, इस्त्रीचे कपडे. साहेबांनी त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मोटारसायकलवर मागे बसवलं आणि भर उन्हात धानाच्या बांध्यांमधून वैनगंगेच्या घाटापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर त्याच्या हातात कपबशी ठरेना.

"पोरगा चांगला आहे," साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण ढिला आहे."

मुलाकडच्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. सगळ्यात जास्त हसली ती सुजाताच. तिला इतक्यात लग्न नकोच होतं. नागपूरला नर्सिंग करून तिने नोकरी घेतली ती थेट भामरागडला. पावसाळ्यात तिकडची नदी एकदा चढली की रस्ता बंद. ना माणूस येतो, ना पत्र. चार महिने पोरगी कशी आहे, कळायचा मार्ग नाही. विमानांना हजारो फुटांवरून बोलतं करणारा हा माणूस पावसाळाभर एस.टी. स्टँडवर कंडक्टरांना विचारत फिरायचा, "तिकडून कोणी आलं का?"

एका उन्हाळ्यात सुजाता रजेवर आली. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करावी लागतात, काच तडकते, असं बोलता बोलता म्हणाली. झालं! साहेबांनी स्कूटरची बॅटरी आणली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि दिवा तयार केला. मग सुरू झाली तपासणी. दिवा एटापल्लीच्या गाडीच्या टपावर बांधून पाठवला. तो न विझता परत आला. भर दुपारी छपराच्या तापल्या टिनावर ठेवला. शेवटी बोरिंगच्या धारेखाली धरला तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभ्या बायांचा धीर सुटला.

"भाऊ, दिव्याले आंघोळ काऊन घालून राह्यले?"

"तपासून राह्यलो, बाई."

"आमच्या घरी सैपाक राह्यला ना!"

दिवा सगळ्यातून पास झाला, तरी रोज काहीतरी निघायचंच. आज झाकण सैल, उद्या बटण घट्ट. सुजाता सकाळी पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. आभाळ भरून येऊ लागलं होतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. सुजाता ओसरीवर तांदूळ निवडत होती. आत साहेब आमच्याकडे पाठ करून बसले होते, पण दारातून मला त्यांचे हात दिसत होते. त्यांनी डबा उघडला, पेचकसने एक स्क्रू ढिला केला आणि चांगली बसलेली तार बोटाने ओढून काढली. मग झाकण लावून डबा हलवला, मागे वळले आणि मला पाहून ओरडले, "पाहा गुरुजी, तार सुटली! हे घेऊन पोरगी गेली असती!"

जन्मभर दोष शोधणारा माणूस स्वतःच्या हाताने दोष घालत होता.

"बरं झालं सापडलं, बाबा," सुजाता मान वर न करता म्हणाली. "करा दुरुस्त. उद्या जाईन मग."

त्या 'उद्या'चेही आणखी काही दिवस झाले. मग आलापल्लीहून आलेल्या कंडक्टरने सांगितलं, तिकडच्या पर्लकोटा नदीला पाणी वाढून राह्यलं, आता एखाददुसरीच गाडी जाईल. सुजाताने पिशवी भरली ती पुन्हा उघडली नाही. "दोन बायांचे दिवस भरत आलेत, बाबा."

स्टँडवर ती दिव्याचा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. साहेब खाली उभे.

"पाणी उकळून पेत जा."

"बाबा, मी नर्स आहे."

"तरी उकळून पे."

गाडी गेली. धूळ बसली तरी साहेब रस्त्याकडेच पाहत होते.

"गुरुजी, त्या दिव्यात काईच बिघाड नव्हता."

"माहीत आहे साहेब. मी पाहिलं होतं."

"तिनं तं ऐकलं होतं. आता जाताना कानात सांगून गेली. म्हणे, बाबा, स्क्रू हळू काढत जा, बाहेर आवाज येते." ते हसायला गेले, पण हसू काही पुरतं उमटलं नाही. डोळे पुसत म्हणाले, "सारं माहीत होतं तिले. तरी थांबली ना पोरगी."