थोरल्या अक्षरांची स्वारी, मुक्काम गाझियाबाद

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, शके १९१६ भावनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, गाझियाबाद प्रांती जे रण माजले त्याची हकीकत यथास्थित लिहितो. लिहिणार भालचंद्रपंत, तेथील मराठी मंडळाचे सरचिटणीस. सबब या बखरीत भालचंद्रपंतांची तारीफ जागोजागी आढळेल, तिचे कोणी नवल मानू नये.

ते समयी देशाने परमुलखीच्या मालास वेशी मोकळ्या केल्या होत्या, आणि हिंडन नदीचे तीरी शेते मोडून बिल्डरांनी उंच उंच गड उभारले होते, आणि नोकरीनिमित्त दाही दिशांची माणसे त्यांत येऊन दाखल जाहली होती. परंतु गडावर कोणी कोणास ओळखत नसे. घरोघर केबलची तार पोहोचली, शेजारी पोहोचला नाही. मागील साली चतुर्थीस मंडळाबाहेरचा एकही मनुष्य आरतीस आला नाही, आणि भालचंद्रपंतांचे कुटुंब वैजयंतीबाई यांनी हौसेने केलेले मोदक मंडळींनी दुसरे दिवशी शिळे करोन खाल्ले. बाई दिवसभर घरात एकट्या, बोलावयास माणूस नाही, जीव उबगलेला. त्यांनी साफ बजावले, "यंदाही कोणी आलं नाही ना, तर पुढच्या वर्षी गणपतीत मी सांगलीला. तुम्ही बसा इथे, बिल्कुल एकटे." हे ऐकोन सरचिटणिसांचे धाबे दणाणले.

मग तातडीने खलबत जाहले आणि ठराव जाहला की, गडाचे दरवाजावर निमंत्रणाचा फलक लावावा, आणि तो इंग्रजीत असावा, की नव्या जमान्यात आब राहील. घरोघर जाऊन बोलवावे, ही तजवीज कोणास सुचली नाही, कारण जमलेले सर्व विद्वान होते.

मजकूर काकासाहेबांनी सिद्ध केला. काकासाहेब म्हणजे हिशेब खात्यातून निवृत्त, इंग्रजी व्याकरणाचे सेनापती. त्यांचे फर्मान ऐसे की, विशेषनामाचे पहिले अक्षर थोरले, ज्यास साहेबी भाषेत कॅपिटल म्हणतात, सामान्यनामाचे धाकटे. गणपतीस थोरले, उत्सवास धाकटे. गाझियाबादेस थोरले, इमारतीस धाकटे. हुद्दा नावास जोडून आला तर थोरला, सुटा आला तर धाकटा. येथवर फौजेत शिस्त होती. परंतु मजकुरात "अध्यक्ष" सुटे आले होते, आणि विष्णुपंत अध्यक्षांनी आपला हुद्दा धाकट्या अक्षरात पाहिला, आणि चष्मा काढोन पुसला, आणि पुन्हा पाहिला.

"काकासाहेब, इतकी वर्षं मंडळ चालवतोय. मी असा खाली बसवलेला दिसणार?"

"अहो, नियम आहे यार तो! माझ्या पदरचं काही नाही."

नियम तह करीना, अध्यक्ष हटेनात. अखेर अध्यक्षांस थोरले अक्षर बहाल जाहले. मग सरचिटणिसांनीही मागितले, ते मिळाले. मग खजिनदारांनी. मग कोणी म्हणाले, पाहुण्यांस धाकटे ठेवणे हा अपमान. मग प्रसादास धाकटे कैसे ठेवावे? मग भालचंद्रपंतांनी मोदकांची कैफियत मांडली की, आमचे घरचा मोदक सामान्य म्हणवत नाही. मानपान हा आपला जुना आजार; फलकावर ज्यास त्यास मान देता देता कोणी सुटू नये म्हणोन अखेर सबंध मजकूर नखशिखांत थोरल्या अक्षरांत करावा, ऐसा हुकूम सुटला. काकासाहेब रुसोन छावणीत निघोन गेले. गडाच्या पेंटराकडे बिल्डरच्या फलकांचा लाल रंग उरला होता, त्यात त्याने फलक रंगविला. मान सर्वांस मिळाला. वैजयंतीबाईंचे नाव मात्र फलकावर नव्हते, आणि ते कोणाचे ध्यानीही आले नाही.

आता गडाचा रिवाज ऐसा की, बिल्डरच्या कचेरीतून लाल थोरल्या अक्षरांत फलक लागला की तो वाचावयाचा नसतो. पाणी बंद, इतके समजोन बादल्या भरावयाच्या असतात. आमचा फलक आदले रात्री दरवाजावर लागला, त्याप्रमाणे चतुर्थीचे पहाटे सर्व गड बादल्या, टब, पातेली भरू लागला, आणि गच्चीवरील टाकी खडखडीत जाहली, आणि वैजयंतीबाई उकड काढावयास उभ्या राहिल्या तो नळास थेंब नाही. सरचिटणीस शुंभासारखे नळाकडे पाहत राहिले.

बाईंनी पदर खोचला, कळशी घेतली, आणि जिने चढोन वरचे मजल्यावरील चोप्राबाईंचे दार ठोठावले.

"भाभीजी, एक बाल्टी पानी मिलेगा?"

"अरे, इतना बड़ा नोटिस तो लगा था! आपने भरा नहीं?"

"वो नोटिस नहीं था, भाभीजी. आपको बुलाया था. आरती पे."

चोप्राबाई अशा हसल्या की समोरचे दार उघडले, आणि मग त्या दाराने हसोन खालचे उघडविले. मग ज्याने त्याने भरलेली बादली उचलली, आणि ती पाण्याची फौज जिन्याने डुचमळत सरचिटणिसांचे घरी येऊन थडकली. मोदक जाहले. आरतीस उभे राहावयास जागा उरली नाही. लेखक स्वतः स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवीत होता. वैजयंतीबाईंचे डोळे भरोन आले ते धुपाने, ऐसे त्या सांगतात. काकासाहेबही राग सोडोन आले, आणि पुढील साली तरी फलक नियमाने लिहू, ऐसे बोलले.

बाई म्हणाल्या, "फलक नको, काकासाहेब. पाणी मागायला मीच जाईन."

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला. विजय वैजयंतीबाईंचा, सबब त्यांचे नाव येथे नोंदिले. फलक उलटा करोन त्याजवर पापड वाळत घातले आहेत. बादल्या ज्याच्या त्यास पोहोचल्या. फक्त चोप्रांची निळी बादली अद्याप आमचे न्हाणीघरात आहे. ती परत करावयाची म्हणोन बाई रोज दुपारी वर जातात, आणि चहा घेऊन दिवेलागणीस खाली येतात, आणि बादली न्यावयाची रोज विसरतात.