लाँड्रीच्या व्हॅनला ब्रेक का लागला नाही

"लिही," दाजी म्हणाले. "ज्याच्या नजरेतून सुईचं टोकही निसटत नाही, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने भल्याभल्या गुन्हेगारांचे पाय लटपटतात, त्या सूक्ष्मदर्शी, निर्भय गुप्तहेराने सकाळी साडेनऊ वाजता लाँड्रीच्या आवारात पाऊल टाकलं."

मेहुण्याने लिहिलं. ते पाऊल साबणाच्या पाण्यात पडलं आणि पाठोपाठ निर्भय गुप्तहेरही त्यातच बसले, हे दाजींनी सांगितलं नाही, म्हणून त्याने लिहिलंही नाही. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून काढल्यामुळे दुसऱ्याचं बोलणं डोक्यात न शिरू देता कागदावर उतरवायची त्याला सवय होती. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी उभा जन्म घरोघरी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवला होता. रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मीटर पुष्कळ वाचले. आता माणसं वाचणार." ताईने ते ऐकून भावाला सांगितलं, "तू यांच्याबरोबर जात जा. निदान परत तरी आण."

प्रकरण असं होतं. लाँड्रीची व्हॅन आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी घेऊन गेली होती. हॉस्पिटलच्या फाटकाशी ड्रायव्हरने ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. त्याने हँडब्रेक ओढला, तरी व्हॅन वॉचमनची खुर्ची चेपूनच थांबली. वॉचमन नुकताच पाणी प्यायला उठला होता. अर्ध्या मिनिटाचा फरक.

मालकांनी मात्र सगळ्या कामगारांसमोर निकाल दिला होता, "हा पिऊन गाडी चालवतो." ड्रायव्हर सोळा वर्षं त्यांच्याकडे होता आणि दारूच्या थेंबालाही शिवत नसे. पण कामावरून काढायला पुरावा हवा, म्हणून मालकांनी दाजींना बोलावलं होतं.

दाजींनी आधी ड्रायव्हरचं तोंड हुंगलं. मग जमिनीवर खडूने रेघ मारून त्याला तिच्यावरून चालायला लावलं. ड्रायव्हर सरळ चालत गेला, सरळ परत आला.

"पाहिलंस?" दाजी कुजबुजले. "इतकं सरळ कोण चालतं? ज्याला काहीतरी लपवायचं असतं तो!"

"माझी पोरगी यंदा बारावीला आहे साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "नोकरी गेली तर मी तिला काय सांगू?" मेहुण्याने वहीतून डोकं वर काढलं नाही. खाली बघितलं की बरं असतं, हेही तो कोर्टातच शिकला होता.

मग दाजी भिंग घेऊन व्हॅनखाली शिरले. कोणी ब्रेकचा पाइप कापला असणार, पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्याचंच हे काम, असा त्यांचा होरा होता. पाइप धडधाकट निघाला. पण दाजी बाहेर आले ते चिमटीत काहीतरी धरून.

"केस!" ते ओरडले. "केसमध्ये केस! लांब, काळा, राठ. लिही, या कटामागे स्त्री आहे."

"इस्त्री आहे दाजी. आत चार चालू आहेत," मेहुणा म्हणाला. "आणि तो झाडूचा हीर आहे."

दाजींनी हीर खिशात ठेवला. पुरावा तो पुरावा.

आता बॉनेट उघडण्यात आलं. बोटांचे ठसे मिळावेत म्हणून दाजींनी आख्ख्या इंजिनावर टाल्कम पावडर शिंपडली. इंजिन पाळण्यातल्या बाळासारखं दिसू लागलं. त्यातच त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, आत भिंग धरून पाहिलं, मान डोलावली आणि झाकण परत लावायला गेले. झाकण लागेना. दाबलं, फिरवलं, वरून बुक्की मारली. आतली रबरी चकती बाहेर डोकावून त्यांना वाकुल्या दाखवत होती.

"बनावट झाकण!" दाजी घामाघूम होऊन म्हणाले. "लिही! गुन्हेगाराने मूळ झाकण लंपास केलं आणि एका नंबरने मोठं—"

"अहो, झाकण तेच आहे. रबर फुगलंय," मागून आवाज आला.

इस्त्रीवाल्या मावशी काखेत गाठोडं धरून उभ्या होत्या. "माझ्या सुनेने कुकरची रिंग तेलकट भांड्यात ठेवली होती आठवडाभर. अश्शीच ऐसपैस झाली मेली. काय ओतलंय या डबीत?"

"ब्रेक ऑइल," दाजी तुच्छतेने म्हणाले. "तांत्रिक बाब आहे, मावशी."

मावशींनी डबीत काडी बुडवली आणि तिच्यावरचा थेंब पाण्याच्या मगात सोडला. तो पसरला आणि वर तरंगत राहिला.

"हे ब्रेकचं नाही," त्या म्हणाल्या. "ब्रेकचं पाण्यात विरघळतं. मागे ड्रायव्हरदादांच्या शर्टावर सांडलं होतं, साध्या पाण्याने गेलं. हे तेल आहे, चांगलं चिवट." मग त्या थांबल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मालकांच्या पांढऱ्या शर्टाची बाही परवापासून तीनदा धुतली मी. तिच्यावरचा डाग असाच, हटत नाही."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी आकाशाकडे पाहिलं.

"अर्धी बाटली उरली होती," ते शेवटी म्हणाले. "स्टिअरिंगच्या ऑइलची. डबीतलं जरा खाली गेलेलं दिसलं. त्यालाही ऑइल म्हणतात, ह्यालाही ऑइलच म्हणतात. फेकून कशाला द्यायचं?"

शेजारच्या गॅरेजवाल्याने येऊन डबीत एकदा डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "या तेलाने ब्रेकमधलं एकूण एक रबर फुगून सडतं, शेठ. नुसतं तेल बदलून भागायचं नाही. सगळी रबरं नवी घालायची, पाइप धुऊन काढायचे. तोवर गाडीला हात लावू नका. नशीब समजा, खुर्ची रिकामी होती."

मालक ड्रायव्हरकडे वळून हसले. "चला, झालं गेलं विसरून जाऊ."

"कसं विसरू?" ड्रायव्हर म्हणाला. "मला दारुडा म्हणालात ते चारचौघांत. आता हेही चारचौघांत सांगा."

मालकांनी दाजींकडे मदतीसाठी पाहिलं. दाजींनी ताबडतोब खाकरून सुरुवात केली, "लिही. तेलाचा संशय गुप्तहेराला पहिल्यापासूनच होता. गुन्हेगार अज्ञात असून फरार—"

मेहुण्याने पेनाला टोपण लावलं. "नाही लिहिणार, दाजी," तो म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याचं त्यालाच नवीन होतं. "ड्रायव्हरदादांना आधी मालकांचं ऐकू द्या."

सगळे आत गेले. दोन्ही वॉशिंग मशिनं घरघरत होती. मालक दारातच उभे राहून पुटपुटले.

"ऐकू येत नाही!" इस्त्रीच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं.

"तेल मी ओतलं!"

"काय ओतलं?"

मालकांनी छाती भरून श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली. नेमकी त्याच क्षणी दोन्ही मशिनं थांबली.

"ड्रायव्हर प्यायला नव्हता! चुकीचं तेल मी ओतलं! गाढव मीच!"

हे रस्त्यापर्यंत गेलं. पलीकडच्या गल्लीतला लाँड्रीवाला दुकानाबाहेर येऊन चौकशी करू लागला. ड्रायव्हरने चेहरा भिंतीकडे फिरवला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मेहुणा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

दाजी मात्र भिंग पुसत मधोमध उभे होते. "शेवटी गुन्हेगाराच्या तोंडून कबुली काढलीच की नाही मी?" त्यांनी मावशींना विचारलं.

"काढलीत हो," मावशी म्हणाल्या. "आता सरका बाजूला. त्या चादरीवर उभे आहात, परत धुवावी लागणार."