साजूक तुपातला सल्ला

“दहा मिनिटांचं काम आहे!” सुश्रुतने शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. “उद्या वाउटरकाका येणार. एक कॉफी, एक प्रश्न, एक उत्तर. विषय संपला!”

पोरगं हॉलंडमधल्या न्यूनेन गावातच लहानाचं मोठं झालेलं. कॉफीला बोलावलं की माणूस कॉफीच पितो, असा त्याचा भाबडा समज! आपल्या आईला त्याने या हिशेबात धरलंच नव्हतं.

प्रश्न मात्र गंभीर होता. सुश्रुतला पायलट व्हायचं होतं, तेही फायटरचा! पण थेट निवडीच्या परीक्षेला बसण्याआधी हवाई दल आतून बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी दोन वाटा होत्या. एक राखीव दल: आठवडाभर कॉलेज आणि शनिवार-रविवार वर्दी. दुसरं सेवावर्ष: कॉलेजला वर्षभर सुट्टी आणि पूर्णवेळ लष्कर. सोमवारी कुठेतरी एकाच ठिकाणी नाव द्यायचं होतं, आणि वाट चुकली तर अख्खं वर्ष पाण्यात! बाबांनी, म्हणजे अजितरावांनी, एक्सेल उघडून दोन्ही वाटांना गुण दिले. दोन्हींना सारखेच गुण! माणूस चिपच्या कंपनीत मोठा इंजिनियर, पण इथे त्याची मती गुंग झाली.

म्हणून वाउटरला बोलावलं. वाउटर म्हणजे तीन घरं सोडून राहणारा, दारातून वाकून आत येणारा उंचच उंच माणूस. एरवी नगरपालिकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी राखीव दलात सार्जंट. मनात येईल ते तोंडावर सांगणारा. सुश्रुतचा त्याच्यावर फार विश्वास होता.

शनिवारी दहाच्या ठोक्याला बेल वाजली.

“मला फार वेळ बसता येणार नाही,” वाउटर आल्याआल्या म्हणाला. “दुपारी माझी फिटनेसची चाचणी आहे. पळायचंय.”

सुश्रुतच्या आईने, मृणालिनीताईंनी, यातलं शेवटचंच ऐकलं. “अगं बाई! पळायचंय, आणि तेही उपाशीपोटी?” आणि त्यांनी थालीपीठ आणलं, वर लोण्याचा हा एवढा गोळा!

“नको, धन्यवाद,” वाउटर म्हणाला.

डच माणूस नको म्हणाला की विषय संपतो. आपल्याकडे तिथूनच सुरू होतो!

“लाजतायत बिचारे,” मृणालिनीताई अजितरावांना म्हणाल्या. “अहो, बघत काय बसलात? आग्रह करा की!”

वाउटरच्या ऑफिसातल्या एका भारतीय बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं, आमच्या लोकांच्या घरी खायला नाही म्हणू नकोस, तो अपमान असतो. बिचाऱ्याने थालीपीठ खाल्लं. पानात टाकायचं नाही ही त्याच्या आईची शिकवण, म्हणून ताटली चाटूनपुसून साफ केली. आणि पाहुण्याची ताटली रिकामी ठेवायची नाही, ही मृणालिनीताईंच्या आईची शिकवण! आता यातून सुटका कोण करणार?

“काका, राखीव दल की सेवावर्ष?” सुश्रुतने घाईघाईने विचारलं.

“हे बघ, मुख्य फरक एकच. राखीव दलातली मुलं...”

“आधी हा साबुदाणा वडा घ्या, गार होईल!”

वडा संपला. “तर सेवावर्षातली मुलं मात्र...”

“शिरा! साजूक तुपातला आहे हं!”

“आई, प्लीज! बोलू दे ना त्यांना!”

“मग बोलू देत की! मी काय तोंड धरलंय त्यांचं?”

धरलं नव्हतं, भरलं होतं. वाउटर खात होता, ताटली साफ करत होता आणि साफ ताटलीकडे हताशपणे बघत होता. अळूवडी झाली, पुन्हा शिरा झाला. निघायची वेळ झाली तेव्हा त्याला सोफ्यातून उठता येईना! बापलेकांनी एकेक हात धरून त्याला उभं केलं. पण चाचणीला जायला आणलेल्या त्याच्या सायकलवर टांग काही जाईना.

अजितरावांची गाडी नेमकी गॅरेजमध्ये. शेवटी शेजारच्या मीनलकडून तिची पोरांना शाळेत सोडायची सायकल आणली, पुढे लाकडी पेटी असलेली. त्या पेटीत सार्जंटसाहेबांना घडी घालून बसवलं. गुडघे कानाशी! मृणालिनीताई धावत आल्या आणि त्यांच्या मांडीवर डबा ठेवून गेल्या. “तिथे भूक लागली तर?”

वारा समोरून. सुश्रुत घामाघूम झाला, मांड्या भरून आल्या. एका आजीबाईंनी पुढे जाता जाता पेटीत डोकावून बघितलं आणि आपल्या सायकलचा वेग वाढवला.

मैदानावर शिट्टी वाजली. वाउटर अर्धी फेरी पळाला, पाव फेरी चालला आणि गवतावर आडवा झाला. नापास!

“तू? नापास?” परीक्षा घेणाऱ्या कॅप्टनबाई चक्रावल्या. “झालं काय तुला?”

“पाहुणचार,” वाउटर कसाबसा म्हणाला.

सुश्रुतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सल्ला विचारायला बोलावलं आणि माणसाचीच वाट लावली! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. “काका, सॉरी. खरंच सॉरी.”

“जाऊ दे रे, चाचणी पुन्हा देता येते,” वाउटर आडव्यानेच म्हणाला. “तुझं ऐक. सकाळी मी सांगणार होतो, राखीव दल घे. त्यात मुलं घरी राहतात, घरचं खातात, सुखात असतात.”

“आणि आता?”

“आता मी तुझ्या घरी जेवलोय!” वाउटरने ढेकर दिली. “सेवावर्ष घे. बराकीत राहा. नाहीतर कॉकपिटमध्ये मावणार नाहीस!”

ठरलं! सुश्रुतच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता आईला सांगायचं राहिलं होतं. घरी येऊन त्याने भीतभीत सगळं सांगितलं, फक्त कारण तेवढं गाळलं.

“वर्षभर बराकीत?” मृणालिनीताईंचा चेहरा उतरला. “घरी नाहीच?”

त्यांनी ओढणीने डोळे टिपले. अजितराव समजूत घालायला जवळ सरकले, तोवर त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरची मोठी कढई खाली काढली.

“काय रे,” त्यांनी विचारलं, “तुकडीत एकूण किती जण असतात?”