मागे न जाणारी सायकल

भंगारवाल्याने सीट धरून सायकल मागे ओढली. सायकल जागची हलली नाही.

"ताई, कुलूप लावलंय का?"

"नाही," लेक म्हणाली. एवढं खरं होतं.

बाबा जाऊन पाच महिने झाले होते. सायकल दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या अरुंद बोळात दाराकडे पाठ करून उभी होती, आणि येता-जाता आईच्या गुडघ्याला पायडल लागत होतं. म्हणून लेकीनेच भंगारवाल्याला बोलावलं. बोलावल्यापासून मात्र तिला घास गोड लागत नव्हता.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला उलट्या पायडलचं काय अप्रूप! त्यांनी मागच्या चाकाला दोन फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने ओढणारी दातेरी चक्रं, बसवली आणि एकच लांबलचक चेन दोन्हींवरून फिरवली. पायडल सरळ मारलं की सायकल सुसाट जायची. उलटं मारलं तरी पुढेच जायची, पण सावकाश, चढावर दम न लागता. चढ आला की बाबा उलटे पाय मारू लागत आणि लोक थांबून बघत. कॅरिअरवर बसलेली लेक लाजून दप्तरात तोंड खुपसायची.

"बघू दे गं," बाबा म्हणायचे. "आपलं काय जातंय?"

खोट एकच होती. सायकल मागे ढकलली की दोन्ही फ्रीव्हील एकमेकांना अडवत आणि चाक जाम होई. मागे न्यायची तर मागचं चाक उचलायचं. लेकीला हे पक्कं ठाऊक होतं. ती भिंतीला टेकून बघत राहिली.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका खाली आले. "चेन अडकलीय. पायडल फिरव."

भंगारवाल्याने पायडल फिरवलं. सायकल वीतभर आत गेली.

"अरे, उलटं फिरव!"

त्याने उलटं फिरवलं. सायकल आणखी वीतभर आत गेली.

"काका, हिला रिव्हर्सच नाही," भंगारवाला म्हणाला.

"तीस वर्षं ट्रक चालवलाय मी. रिव्हर्स नाही असं कसं होईल? तेल आणा!"

तेल घातल्यावर सायकल आत जायला जास्तच राजी झाली. काकांनी ईर्ष्येने पायडल मारलं, पुढचं चाक स्वयंपाकघरात शिरलं आणि हँडलच्या धक्क्याने मांडणीवरची पातेली खणखणत खाली आली. आई ओट्याशी उभी होती.

"या," ती सायकलला म्हणाली.

"उचलूनच काढू," काकांनी बाह्या सरसावल्या.

लेक पटकन पुढे झाली. "काका, कॅरिअरवर ती पेटी आहे ना, तिच्यात बाबांची सुटी लोखंडी चक्रं आहेत. भयंकर जड."

पेटी रिकामी होती. चक्रं तिने गेल्याच महिन्यात आपल्या कपाटात नेऊन ठेवली होती.

"नका हो भलत्या फंदात पडू," आई म्हणाली. "कंबर धरेल. ह्यांनाही कधी उचलवली नाही."

लेकीला हायसं वाटलं. पेटी रिकामी असल्याचं आईला माहीत नव्हतं तर.

भंगारवाल्याने हात झटकले. "ताई, आधी घर पाडा, मग मला बोलवा." काकाही पुटपुटत जिना चढले.

लेक पातेली गोळा करू लागली.

"पेटीतली चक्रं कुठे ठेवलीस?" आईने विचारलं.

लेकीच्या हातातलं पातेलं पुन्हा पडलं. "तुला कसं कळलं?"

"रोज सकाळी ही सायकल बाहेर कोण काढायचं? ते ऐटीत हँडल धरायचे. मागचं चाक मी उचलायचे. परवा झाडताना उचललं, तर हलकं लागलं."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

सायकल मधोमध उभी होती. तिच्या हँडलवर पातेल्याचं एक झाकण अडकलं होतं. आईने ते काढून जागेवर ठेवलं.

"चल, हिलाही जागेवर नेऊ. हँडल तू धर," ती म्हणाली आणि अंग चोरून बोळात शिरली. जाताना तिच्या गुडघ्याला पायडल लागलं.

"लागलं?"

"लागतंच," आई म्हणाली, आणि तिने मागचं चाक उचललं.