बाईंच्या वाट्याची आठ मिनिटं

माणसाला दुखू लागलं की त्याला दोन गोष्टी लागतात. एक औषध आणि दुसरा ऐकून घेणारा माणूस. पैकी औषधांच्या बाबतीत आमच्या शास्त्राने समाधानकारक प्रगती केलेली आहे.

मी वेदनातज्ज्ञ आहे. इतर डॉक्टर रोग बरा करतात. तो बरा होऊनही जे दुखत राहतं, ते आमच्याकडे येतं. आमची वार्षिक परिषद यंदा एका मोठ्या हॉटेलात भरली. प्रतिनिधी चारशे बारा. त्यांतले एकशे साठ सभागृहात होते, दोनशे चहाच्या टेबलापाशी, आणि उरलेले कुठे होते याची नोंद संयोजन समितीकडे नाही (हजेरीपत्रकावर सही मात्र सर्वांची आहे, काहींची दोनदा).

यंदाचं घोषवाक्य होतं, 'आधी रुग्णाचं ऐका'. ते पिशवीवर, पेनावर आणि पाण्याच्या बाटलीवरही छापलं होतं. रुग्णाचं ऐकण्यावर एक पूर्ण सत्र ठेवण्याचं समितीने एकमताने ठरवलं. मग कुणीतरी, बहुधा नवीन सदस्याने, सुचवलं की त्या सत्रात एखादा रुग्णही असावा. यावर मतभेद झाले, पण शेवटी रुग्णासाठी आठ मिनिटं मंजूर झाली आणि रुग्ण पुरवण्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

मी बाईंना निवडलं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. उजवा खांदा दुखतो म्हणून पाच वर्षं माझ्याकडे येतात. रुग्ण म्हणून आदर्श. वेळेवर येतात, कमी बोलतात. दर वेळी मी विचारतो, दहापैकी किती दुखतंय? त्या सात म्हणतात आणि मी सात लिहितो. पाच वर्षांत तीन इंजेक्शनं झाली, दोन तऱ्हेचे व्यायाम झाले, आकडा सातच राहिला. इतकं सातत्य शास्त्रात क्वचितच आढळतं.

सत्र साडेदहाला होतं, बाई नऊलाच हजर. काय बोलायचं ते त्यांनी पाठपोट एका कागदावर वळणदार अक्षरात लिहून आणलं होतं आणि घरी घड्याळ लावून वाचूनही पाहिलं होतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, बारापर्यंत सुटका होईल ना, कारण बाराला शेजारीण निघून जाते. मी म्हटलं, अगदी आरामात. शेजारणीचा इथे काय संबंध, हे विचारायचं मला सुचलं नाही (आमच्या अभ्यासक्रमात शेजारीण नाही).

बाईंना बाहेरच्या व्हरांड्यात एका स्टुलावर बसवण्यात आलं. पाठीच्या खुर्च्या मान्यवरांसाठी राखीव होत्या.

उद्घाटनाची भाषणं लांबली. त्यानंतर आमच्या शास्त्रातल्या एका थोर ज्येष्ठांचं बीजभाषण झालं. विषय, 'डॉक्टरांनी कमी बोलावं'. ते ठरल्यापेक्षा पस्तीस मिनिटं जास्त चाललं. अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली. ज्येष्ठांनी ती वाचली, चिठ्ठीबद्दल आभार मानले आणि पुढचा मुद्दा घेतला. तिकडे बाईंची आठ मिनिटं पाचवर आली, मग तीनवर. दर वेळी मी बाहेर जाऊन तसं कळवत होतो. बाई पर्समधून पेन्सिल काढायच्या, कागदावरच्या चार ओळी खोडायच्या आणि म्हणायच्या, "हे नाही सांगितलं तरी चालेल."

अकरा चाळीसला त्यांना व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "एका वाक्यात सांगा, काय त्रास होतो?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं आणि त्याची घडी घातली.

"मघाशी बाहेर त्या माइकवाल्यांना सगळं सांगितलंय. त्यांना विचारा. मला बाराच्या आत घर गाठायचंय."

आणि त्या उतरून निघून गेल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. रुग्णाचं मन कसं भरून आलेलं असतं याचं हे बोलकं उदाहरण आहे, असं म्हणून अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

मी माइकवाल्यांना गाठलं. खरं सांगायचं तर, बाईंनी माझी तक्रार केली असेल या धास्तीने गाठलं. पन्नाशीचा गृहस्थ, वायर गुंडाळत होता. त्याने हात न थांबवता सांगितलं की बाईंच्या मिस्टरांना पाच वर्षांपूर्वी झटका आला, एक बाजू गेली, आणि दिवसातून आठ-दहा वेळा बाई त्यांना काखेत खांदा घालून उठवतात. शेजारीण होती म्हणून आज बाहेर पडता आलं.

"पण तुम्हाला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"काही नाही साहेब. मी विचारलं, कशाने दुखतं?"

मला पाच वर्षांपूर्वीची पहिली भेट आठवली. वजन उचलू नका, असं मी सांगितलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "अठ्ठ्याहत्तर किलो?" मी खळखळून हसलो होतो, आणि फाइलमध्ये 'रुग्णाचा स्वभाव विनोदी' अशी नोंदही केली होती. आता मला छातीत बारीकसं काहीतरी टोचलं (दहापैकी चार, औषध घेतलं नाही).

माइकवाले जन्मभर अवजड स्पीकर उचलत आलेले. उठवायच्या माणसाच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, तो धरायचा, गुडघे वाकवून जोर मांड्यांवर घ्यायचा, खांद्याला त्रास द्यायचाच नाही, हे त्यांनी बाईंना व्हरांड्यातच एका स्पीकरवर करून दाखवलं होतं. बाईंनी दोनदा करूनही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. रुग्णाच्या घरी जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. बाईंनी पट्टा धरून मिस्टरांना माझ्यासमोर उभं केलं. ते माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. मग मी विचारलं, बाई, कसं चाललंय? त्या चाळीस मिनिटं बोलल्या. मध्ये रडल्या, चहा केला, पुन्हा बोलल्या. आमच्या रुग्णालयात घरी मदतनीस पाठवायची सोय आठ वर्षांपासून आहे. कुणी मागितली नव्हती, कारण कुणी सांगितली नव्हती. ती मी लावून दिली. महिन्याभरात बाईंचा आकडा चारवर आला.

यावर मी पुढच्या परिषदेसाठी शोधनिबंध पाठवला आहे. सहलेखक म्हणून माइकवाल्यांचं नाव घातलं. अर्जात त्यांची पदवी विचारली होती, तिथे 'विचारतात' असं लिहिलं. समितीने खुलासा मागवला आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर मंडळी असायचीच अशी. म्हणा, मी ऐकून घेईन. पण हे वाचायला बसल्यापासून घरातलं कुणीतरी तुमच्याजवळ येऊन काहीतरी सांगून गेलंय आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय सांगितलं ते आठवत असेल, तर पुढच्या वर्षीच्या बीजभाषणासाठी मी तुमचं नाव सुचवतो. आठवत नसेल, तर सदस्यत्वाचा अर्ज पाठवतो.