गलगली सरांचा नकाशा

'वर उत्तर, खाली दक्षिण' असं कुणी म्हटलं की गलगली सरांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धारवाडात, मळमड्डीतल्या आमच्या मराठी शाळेत ते तिसरीला शिकवायचे, मी चौथीला.

एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "उत्तर कुठं आहे?" चाळीस पोरांनी छताकडं बोट केलं. सर तडक माझ्या वर्गात.

"बघा अक्का, ह्यांची दिल्ली आपल्या कौलांवर आहे. नकाशा भिंतीला टांगायलात, मग दुसरं काय होतंय री?"

त्या दिवशी त्यांच्या वर्गातला नकाशा जमिनीवर आला. सूर्य बघून, फिरवून, उत्तरेला उत्तर लावून. पोरं भोवती गुडघ्यांवर. आमच्याकडं कागदाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि इथं अख्खा भारत पायाशी! हेडबाई भडकल्या, मीही भडकले. सरांनी पोरांच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या आणि वर आम्हालाच सुनावलं, "गाभाऱ्यात जाता तसं या."

डावं-उजवं त्यांना चालायचं नाही. "तुम्ही वळलात की डावं बदलतंय. पूर्व बदलत नाही." रिक्षावाल्यानं "बलक्केनो, एडक्केनो?", उजवीकडं की डावीकडं, असं विचारलं की हे "पश्चिमक्के" म्हणून गप्प. तो बिचारा हुबळीत भर कोप्पीकर रोडवर रिक्षा थांबवून आभाळाकडं बघायचा.

हेही मी सोसलं. पण सहामाहीला त्यांच्या वर्गाचे पेपर तपासायला माझ्याकडं आले. प्रश्न होता, शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा नकाशा काढा. कुणाचं स्वतःचं घर काड्यापेटीएवढं, कुणाचं राहूनच गेलेलं. पण प्रत्येक कागदावर एक घर ठसठशीत: चिंचेच्या पूर्वेला तिसरं, निळं फाटक, 'गलगली सर'. चाळीसच्या चाळीस. माणसानं स्वतःला किती थोर समजावं? देऊळ काढायचं राहिलं तरी चालेल, ह्यांचं फाटक राहता कामा नये!

गठ्ठा घेऊन संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सर फाटकात उभे होते, अनवाणी. मी तोंड उघडणार, तोच तिसरीतली सुमा एका बाईंना हाताला धरून आली. सरांच्या पत्नी, सुधाकाकू. कित्येक महिन्यांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

"सर, काकू स्टेशनाच्या वाटेवर होत्या. चिंच शोधली, मग पूर्वेला आणलं," सुमा म्हणाली आणि खेळायला पळाली.

"माहेरी, अळणावरला निघाले होते," काकू म्हणाल्या. "अप्पा वाट बघत असतील."

त्यांचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती.

"अळणावर पश्चिमेला," सर म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आधी पाय धू. मग दाखवतो."

काकू आत गेल्या. आम्हाला कुणाला का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"मोठी माणसं तिच्यासमोर हळहळतात, अक्का. तिला कळतंय ते. पोरं नुसती आणून सोडतात." मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं त्यांचं लक्ष गेलं. "फाटक कुणाचं चुकलंय काय?"

"कुणाचंच नाही," मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गातला नकाशा भिंतीवरून उतरवला, चपला दाराबाहेर काढल्या आणि चौथीच्या पोरांना म्हटलं, "आधी गलगली सरांचं घर काढा."