बरणीतलं मलम घन की द्रव?

"घन, द्रव आणि मिश्रण! पार्सलांच्या जगात चौथं काही नाही!" पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसता बसता शंकासुरकाकांनी शेजारच्या टायपिस्टबाईंना ठणकावून सांगितलं. "घन घ्यायचं, द्रव परत करायचं. यात अवघड ते काय?"

"आणि मिश्रण?"

"ते साहेब ठरवतात."

"साहेब आज रजेवर आहेत. म्हणजे साहेब तुम्हीच!"

काकांच्या आत्मविश्वासाला तिथेच पहिली चीर गेली.

शंकासुर हे नाव अर्थातच ऑफिसनं ठेवलेलं. माणूस अगदी सज्जन आणि पुस्तकी किडा. पण घराला कुलूप लावलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार आणि ते ओढून बघणार. सगळी नोकरी मागच्या खोलीत पार्सलं रचण्यात गेली. पार्सलं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण काकांना फार आवडायचा. आज मात्र समोर बोलणारी रांग होती.

रांगेत पहिल्याच एक मावशी. त्यांनी काचेची बरणी पुढे सरकवली.

"घरचं मलम आहे हो. बहिणीला पाठवायचंय. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. साबणानं तिच्या हातांना अशा भेगा पडल्यात, की घास उचलताना डोळ्यांत पाणी येतं. आजच्या गाडीनं गेलं पाहिजे. पुढची गाडी एकदम आठवड्यानं."

"जाईल की!" काका म्हणाले. "यात काय काय आहे?"

"मेण आणि तेल."

काकांचा हात हवेतच थांबला. मेण घन. तेल द्रव. म्हणजे मिश्रण! म्हणजे साहेब! म्हणजे आपणच!

"जरा बघावं लागेल," असं म्हणून त्यांनी झाकण उघडलं आणि बरणी तिरकी केली. मलम हललं नाही. पूर्ण उलटी केली. तरी ते सरकारी कागदासारखं जागच्या जागी!

"घन आहे," काका म्हणाले.

"उलटी करून पडलं नाही म्हणजे घन?" मागून शिंप्यानं मान पुढे काढली. "आमच्या घरची टूथपेस्टसुद्धा उलटी केली तर पडत नाही. दाबावी लागते. ती काय घन झाली?"

काका गोंधळले. "जे ओतता येतं ते द्रव," त्यांनी घाईघाईनं व्याख्या सुधारली.

"मग वाळू?" हा आवाज रांगेतल्या शाळामास्तरांचा. "वाळू ओतता येते. भांड्याचा आकारही घेते."

"पण तिचा एकेक कण घन असतो!"

"म्हणजे एकटी असली की घन आणि घोळक्यात आली की द्रव?"

"माणसांचंही तसंच असतं," टायपिस्टबाई टाइप करता करता म्हणाल्या. "एकेकटी कशी घट्ट असतात. रांगेत आली की बघा कशी पसरतात!"

मास्तरांचा प्रश्न गोड होता. काकांच्या डोळ्यांत चमक आली. आपल्यासमोर रांग आहे हे ते साफ विसरले. त्यांनी मलमात हळूच बोट दाबलं. बोट आत गेलं!

"दगडात बोट जातं का?" मास्तरांनी विचारलं.

"लोण्यात जातं," शिंपी म्हणाला.

"मग लोणी काय?"

सगळ्यांनी आयुष्यभर लोणी खाल्लं, पण ते नक्की काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं!

"अहो, माझी गाडी!" मावशी कळवळून म्हणाल्या.

बाहेर खरंच भोंगा वाजला. ड्रायव्हर निघायच्या घाईत होता. काकांनी दचकून उलट्या बरणीच्या बुडावर थाप मारली आणि आतला अख्खा गोळा थप्पकन त्यांच्या तळहातावर आला. गोल, सपाट बुडाचा, हुबेहूब बरणीसारखा.

"बघा!" काका चक्क ओरडले. "बरणी काढून घेतली तरी यानं आकार सोडला नाही! घन!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. काकांनी गोळा परत बरणीत बसवला, बरणी खोक्यात घातली, खोक्यावर पत्त्याची चिठ्ठी डकवली, शिक्का मारला आणि स्वतः धावत जाऊन खोकं ड्रायव्हरच्या हातात दिलं. गाडी गेली. मावशींनी हात जोडले. काकांनीही जोडले, आणि सोडवताना त्यांना तळहातावर काहीतरी दिसलं.

पत्त्याची चिठ्ठी!

मलमाच्या हातांनी हाताळलेल्या खोक्यावर डिंक धरणार कसा? ते घन होतं यात शंका नव्हती. फक्त ते कुठं निघालंय, हे आता खोक्याला माहीत नव्हतं!

काका धावले. शाळा सोडल्यापासून ते असे धावले नव्हते. नशिबानं गाडी कोपऱ्यावरच्या सिग्नलला अडकली होती.

"थांब! पत्ता राहिला!"

"काका, ही चिकटायची नाही. दोरीनं बांधा!" ड्रायव्हर म्हणाला.

दोरी कुठली? काकांनी बुटाची नाडी काढली, चिठ्ठीला भोक पाडून ती खोक्याला घट्ट बांधली. ड्रायव्हर त्यांच्या चकाकणाऱ्या हातांकडे संशयानं बघत होता.

"गळणारं काही नाही ना आत?"

"अजिबात नाही!" काका ठामपणे म्हणाले. इतकं ठाम ते लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

एका पायातला बूट फटाक फटाक वाजवत ते परतले. मावशी दारातच उभ्या होत्या.

"गेलं, मावशी! पत्त्यासकट गेलं!" काका धापा टाकत म्हणाले. "आता फक्त माझ्या माहितीसाठी सांगा. मेण किती आणि तेल किती घालता?"

"कोण मोजतंय! अंदाजानं घालते. इथल्या गारठ्यात छान घट्ट राहतं."

"इथल्या?" काकांनी विचारलं. "आणि बहिणीकडे?"

"तिकडे कुठला गारठा! सध्या असा उकाडा आहे म्हणे, की मेणबत्त्यासुद्धा वाकतात!"

शंकासुरकाकांनी खुर्चीला हात लावला आणि हळूहळू, कडेकडेनं, ओघळल्यासारखे ते तिच्यात बसले.